टॉनिक लिहून देण्याआधी : शाळकरी मुलांच्या झोपेचा हिशेब

"डॉक्टर, हिला एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या. वर्गात झोपते म्हणून बाईंनी डायरीत शेरा दिलाय."

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की असे वाक्य माझ्या दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. ही मुलगी आठवीतली. डोके दुखते, सकाळी उठवले की मळमळते, डबा अर्धा परत येतो, चिडचिड वाढली आहे आणि पहिल्या चाचणीत गुण घसरले आहेत. आईने रक्ताच्या तपासण्या आधीच करून आणल्या होत्या. हिमोग्लोबिन १२.४, थायरॉईड व्यवस्थित, बाकी सगळे ठीक.

मी मुलीला विचारले, "काल रात्री किती वाजता झोपलीस?"

"साडेअकराला."

"आणि उठलीस किती वाजता?"

"सव्वापाचला. सहाला बस येते ना, काका."

म्हणजे पावणेसहा तास झोप. या वयाला किमान आठ तास लागतात. रोज सव्वादोन तास कमी धरले, तर शाळेच्या सहा दिवसांत साडेतेरा तासांची तूट होते. आठवड्यातल्या दीड रात्रीहून जास्त झोप ही मुलगी घेतच नव्हती. अशा तुटीवर टॉनिकचा उपाय नाही, कितीही महाग असले तरी.

कोणत्या वयात किती झोप हवी?

झोपेच्या तज्ज्ञांची अमेरिकेतील संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन, हिने २०१६ साली ठरवून दिलेले आकडे जगभर वापरले जातात :

- ३ ते ५ वर्षे : १० ते १३ तास (दुपारची झोप धरून)
- ६ ते १२ वर्षे : ९ ते १२ तास
- १३ ते १८ वर्षे : ८ ते १० तास

हे आकडे ऐकल्यावर बरेच पालक हसतात. "आमच्याकडे नववीतला मुलगा दहा तास झोपला तर घरात भूकंप होईल," असे एका वडिलांनी मला सांगितले. पण ही चैन नाही. जेवणाइतकीच ही शरीराची गरज आहे.

झोपेत नेमके काय घडते?

झोप म्हणजे मेंदू बंद ठेवणे नव्हे. रात्रभर साधारण दीड-दीड तासाची आवर्तने चालू असतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात याच वेळी स्रवते. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. दिवसभर शिकलेले पक्के करणे, मनातल्या भावनांचा निचरा करणे या कामांत झोपेच्या या सगळ्या टप्प्यांचा वाटा असतो.

मूल दोन तास आधी उठते तेव्हा त्याची मुख्यतः पहाटेची झोप कापली जाते. म्हणून रात्री जागून केलेला अभ्यास सकाळी आठवत नाही आणि क्षुल्लक कारणावरून रडू येते किंवा राग येतो. कमी झोपेमुळे भुकेची संप्रेरकेही बिघडतात. सकाळी पोळी-भाजी नको वाटते आणि संध्याकाळी वडापाव, चिप्स, गोड खावेसे वाटते. वजन वाढण्याचे हेही एक कारण आहे. लहान मुलांत तर झोप कमी पडली की मरगळीऐवजी चंचलपणा दिसतो. "एका जागी बसतच नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्या काही मुलांची मूळ अडचण अपुरी झोप असते.

"लवकर झोपलं की लवकर उठता येतं", पण वयात येताना?

आपल्या शरीरात एक घड्याळ असते. ते पेशींच्या पातळीवर कसे चालते हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते आणि झोपेची वेळ झाल्याचा निरोप शरीराला देते.

वयात येताना हे घड्याळ मागे सरकते. लहानपणी साडेआठ-नऊला पेंगणारे मूल तेरा-चौदाव्या वर्षी साडेदहापर्यंत टक्क जागे राहते. मेलाटोनिनचा निरोपच एक ते दोन तास उशिरा येतो. त्यामुळे नवव्या इयत्तेतल्या मुलाला नऊला अंथरुणात घातले, तरी ते छताकडे बघत पडून राहते. त्याला आळशी किंवा उद्धट ठरवण्याआधी पालकांनी आणि शिक्षकांनी एवढे लक्षात घ्यायला हवे. मोबाइलचा प्रकाश आणि त्यावर चाललेली करमणूक हीच वेळ आणखी पुढे ढकलते.

रात्र जाते कुठे?

आठवीतल्या त्या मुलीचा दिवस मी कागदावर मांडला. शाळा सात ते साडेबारा. दुपारी जेवण आणि गृहपाठ. संध्याकाळी साडेसहा ते नऊ क्लास. घरी येऊन जेवण होईपर्यंत दहा. मग क्लासचा अभ्यास, शाळेचा प्रकल्प, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्या काय आणायचंय?" याची विचारपूस आणि हातात मोबाइल आलाच आहे म्हणून अर्धा तास रील्स. साडेअकरा सहज होतात.

यात एकट्या मुलीला दोष देता येत नाही. पहाट शाळेने घेतली आहे, संध्याकाळ क्लासने आणि उरलेली रात्र मोबाइलने. लहान घरात आणखी एक भर पडते. एकाच खोलीत मोठ्यांची मालिका साडेदहापर्यंत चालू असेल, तर मुलांनी झोपायचे कुठे?

शिक्षकांची स्थिती फार वेगळी नाही. सकाळच्या सत्रातल्या शिक्षिका साडेचारला उठून डबे करून निघतात. दुपारनंतर ऑनलाइन माहिती भरणे, पेपर तपासणे आणि रात्री पालकांच्या मेसेजना उत्तरे देणे चालू असते. माझ्याकडे रक्तदाब तपासायला येणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "पहिल्या तासाला मी भिंतींना शिकवते, डॉक्टर. मुलंही झोपेत आणि खरं सांगायचं तर मीही." दमलेला शिक्षक आणि पेंगणारा विद्यार्थी समोरासमोर आले की डायरीत शेरे वाढतात, शिकणे वाढत नाही.

शाळेची वेळ बदलून फरक पडतो का?

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विचार करून शाळांच्या वेळा बदलाव्यात, असे सुचवले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय काढला. लहान मुलांसाठी हे चांगलेच झाले. मात्र पाचवीपासून पुढच्या मुलांना हा निर्णय लागू नाही. ज्या वयात शरीराचे घड्याळ उशिरा चालते, त्याच वयाची मुले अनेक ठिकाणी सकाळी सातच्या सत्राला बसतात.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितले होते की, या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी सुरू होऊ नये. "शाळा उशिरा केली तर मुलं आणखी उशिरा झोपतील" ही शंका तिथेही होती. सिॲटल शहराने २०१६ साली सरकारी माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलांच्या मनगटावर यंत्र बांधून मोजल्यावर शाळेच्या दिवसांत त्यांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढल्याचे दिसले.

शाळांच्या अडचणीही खऱ्या आहेत. एकाच इमारतीत दोन सत्रे चालतात. त्याच बसला दोन फेऱ्या करायच्या असतात. आईवडिलांना ऑफिसच्या आधी मुलांना सोडायचे असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर सकाळची शाळा हीच मुलांच्या तब्येतीची काळजी असते. म्हणून सगळीकडे एकच वेळ असावी असे मी म्हणणार नाही. पण जिथे शक्य आहे तिथे मोठ्या मुलांचे सत्र अर्ध्या-पाऊण तासाने पुढे नेण्याचा विषय पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत निघायला हवा. वेळ बदलणे जमत नसेल, तर दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत : पहिल्या तासाला चाचणी किंवा गणित न ठेवणे आणि संध्याकाळी सातनंतर वर्गाच्या ग्रुपवर सूचना न टाकणे.

घरी काय करता येईल?

१. आधी सात दिवस वहीत फक्त दोन वेळा लिहा : झोप लागल्याची आणि उठल्याची. अंथरुणात शिरल्याची वेळ धरू नका. आकडे समोर आले की निम्मा वाद मिटतो.

२. झोपेची वेळ एकदम तासाभराने अलीकडे आणू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे घ्या.

३. झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला आणि रात्री चार्जिंगला स्वयंपाकघरात. हा नियम आईवडिलांनाही लागू. उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ घ्या.

४. दुपारी चारनंतर चहा, कॉफी, कोला नको. त्यातले कॅफिन कित्येक तास शरीरात राहते. परीक्षेच्या दिवसांत जागण्यासाठी कॉफी पाजणे हे तर उलटे औषध आहे.

५. दुपारी झोप आली तर वीस-तीस मिनिटे झोपू द्या, पण चारच्या आत. दोन तास झोपले तर रात्र पुन्हा लांबते.

६. रविवारी तास-दीड तास जास्त झोपायला हरकत नाही. दुपारी बारापर्यंत झोपले तर सोमवारी सकाळी घड्याळ पूर्ण बिघडलेले असते.

७. उठल्यावर खिडकी उघडा, गॅलरीत उभे करा. सकाळचा उजेड शरीराच्या घड्याळाला पुढे ओढतो.

८. क्लास लावताना फी आणि निकालाबरोबर बॅचची वेळही विचारा. नऊला सुटणारी बॅच झोपेतून तासभर कापून घेते.

झोप येण्यासाठी खोकल्याचे औषध, ॲलर्जीची गोळी किंवा मेलाटोनिन आपल्या मनाने देऊ नका. ही औषधे मुलांच्या रोजच्या वापरासाठी नाहीत.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

प्रत्येक थकव्याचे कारण कमी झोप नसते. पुढील गोष्टी दिसल्या तर तपासणी करून घ्या.

- पुरेशी झोप होऊनही मूल दिवसभर पेंगते.
- रोज घोरते, तोंडाने श्वास घेते, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो. टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड वाढलेले असू शकतात.
- चेहरा फिकट दिसतो, जिना चढताना धाप लागते, रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात. यामागे लोहाची कमतरता असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे, त्यामुळे मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन तपासायला टाळाटाळ नको.
- वजन घटते, तहान आणि लघवी वाढली आहे, किंवा बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे. अशा वेळी त्याच दिवशी रक्तातील साखर तपासा.
- डोकेदुखीने रात्री जाग येते, पहाटे उलट्या होतात, दिसायला अंधुक किंवा दोन-दोन दिसते. थांबू नका, लगेच दाखवा.
- मूल गप्प झाले आहे, मित्र आणि खेळ सुटले आहेत, शाळेचे नाव काढले की घाबरते. शाळेत कोणी त्रास देत आहे का, हे शांतपणे विचारा.
- "जगून काय करू?" अशा अर्थाचे काहीही बोलले तर ते नाटक समजू नका. मुलाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

त्या मुलीचे काय झाले?

तिला मी टॉनिक दिले नाही. आई जरा नाराजच झाली. पण त्यांनी क्लासची बॅच बदलून दुपारी चारची घेतली आणि मोबाइल रात्री ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. महिन्याभराने धाकट्या भावाच्या सर्दीसाठी आल्या तेव्हा मुलगीही बरोबर होती. डोकेदुखी बरीच कमी झाली होती. डबा संपत होता. आता ती दहाला झोपते आणि सव्वापाचलाच उठते, म्हणजे सव्वासात तास.

अजून पाऊण तास कमी आहे. घरच्यांना जेवढे शक्य होते तेवढे त्यांनी केले. हा पाऊण तास मात्र शाळेच्या घंटेकडून मागावा लागेल. पुढच्या पालक सभेत तो मागणार असल्याचे तिची आई जाताना सांगून गेली. तुमच्या मुलाची सात दिवसांची वही तयार झाली की तुम्हीही ती सभेला घेऊन जा.