नाक मिळाले, हात गेला तो गेलाच

हंगाम आला की आमच्या अचलपूर-परतवाडा भागात मळणीयंत्रे घरघरू लागतात, गोठ्यागोठ्यात कडब्याची कुट्टी सुरू होते, आणि कुणाचे बोट, कुणाचा पंजा यंत्रात गेल्याची बातमीही कानी येते. ‘हात कामातून गेला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण हातातल्या रक्तवाहिन्यांची रचना कळली, तर असे म्हणायला जीभ रेटत नाही.

कावसजीची हकिकत अनेकांनी वाचली असेल. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठी माणूस. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आले. दोन भुवयांमध्ये कातडीचा अरुंद देठ राखला होता. त्यातून रक्त येत राहिले म्हणून नाक जगले. तुटलेला हात जोडण्याची विद्या मात्र तेव्हा जगात कुणापाशीच नव्हती.

आपल्या संत्रा बागायतदाराला हे चटकन समजेल. जंबेरीच्या खुंटावर बांधलेला डोळा खुंटाच्या रसावर जगतो. नुसती कातडी लावली तर तीही तशीच खालच्या रक्तावर जगते. पण हाड उघडे पडले असेल, तर ती वाळते. तिथे आंब्याचे भेटकलम हवे: फांदी आईच्या झाडावरच ठेवायची, सांधा जमला की तोडायची. १९७२ साली मॅक्ग्रेगर आणि जॅक्सन यांनी जांघेतल्या कातडीचा असाच ‘फ्लॅप’ मांडला. हात सुमारे तीन आठवडे जांघेशी जोडून ठेवतात, मग देठ कापतात.

निसर्गाने हाताला रक्त देणाऱ्या दोन मुख्य धमन्या ठेवल्या आहेत, एक अंगठ्याच्या बाजूने, दुसरी करंगळीच्या. तळहातात त्या कमानी करून एकमेकींना मिळतात. एका पाटाचे पाणी अडले तरी दुसऱ्याने शेत भिजावे तसे. म्हणूनच मनगटाच्या वरची कातडी अंगठ्याकडच्या धमनीसकट सोडवून पंजावर उलटी वळवता येते. करंगळीकडचे रक्त कमानीतून उलटे येऊन तिला जगवते. पण काहींच्या कमानी अपुऱ्या असतात. त्यासाठी १९२९ सालच्या ॲलन यांच्या चाचणीचे सुधारित रूप आहे: मूठ आवळून दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडून फक्त करंगळीकडची सोडायची, आणि पांढरा तळवा किती लवकर लाल होतो ते पाहायचे.

१९६३ साली शांघायमध्ये मनगटापासून तुटलेला हात पुन्हा जोडला गेला. म्हणून वाचकहो, घरी एवढे सांगून ठेवा: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चुना, माती लावू नका. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा; बोट थेट बर्फावर नको. मग एक क्षणही न दवडता दवाखाना गाठा. रक्ताची वाट पुन्हा जोडता येते, पण ती फार वेळ थांबत नाही.