मोटारीचे वाजवी मोल

कापड घेताना आपण पोत पाहतो, धान्य घेताना दाणा चावून पाहतो. मोटारीची पारख मात्र इतकी सोपी नसते. कित्येक कुटुंबांची अनेक वर्षांची बचत एका गाडीत गुंतते. कोणाची उपजीविकाच तिच्यावर चालते. म्हणून गाडीची वाजवी किंमत कशी ठरते, हे या पाठात समजून घेऊ.

त्यासाठी चेन्नई शहराचे उदाहरण घेऊ. मोटारनिर्मितीमुळे या शहराला ‘भारताचे डेट्रॉइट’ म्हणतात. जवळच्या श्रीपेरुंबुदूर परिसरातील ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ मध्ये ‘सँट्रो’ ही लहान मोटार बाजारात आली. शहरातील पुदुपेट्टै हा भाग जुन्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. गाडीचा आरंभ आणि शेवट, दोन्ही येथे पाहावयास मिळतात.

नव्या गाडीची किंमत

जाहिरातीत दिसते ती बहुधा ‘एक्स-शोरूम’ किंमत. तीत वस्तू व सेवा कर धरलेला असतो. रस्ता कर, नोंदणी शुल्क आणि विमा धरलेला नसतो. हे सर्व मिळवल्यावर ‘ऑन-रोड’ किंमत होते. रस्ता कर राज्य सरकार आकारते; त्यामुळे तीच गाडी चेन्नईत एका किमतीला, तर पुण्यात दुसऱ्या किमतीला पडते. विमा सक्तीचा आहे. परंतु तो त्याच विक्रेत्याकडून घेण्याची सक्ती नाही. म्हणून प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागावी.

जुन्या गाडीची किंमत

वापराबरोबर वस्तूचे मूल्य कमी होते. त्याला घसारा म्हणतात. विमा व्यवसायातील प्रचलित कोष्टकानुसार तीन ते चार वर्षे वयाच्या गाडीचा घसारा ४० टक्के धरतात. समजा, त्या गाडीची यादीतील किंमत ६,००,००० रुपये आहे. घसारा वजा जाता ३,६०,००० रुपये उरतात. हा आकडा केवळ आधार होय. गाडीची निगा, झालेले अपघात, धावलेले अंतर आणि बाजारातील मागणी यांनुसार किंमत वर-खाली होते. नव्या गाडीच्या किमतीचाही परिणाम होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, की जुनीला पूर्वीचा भाव मिळणे कठीण होते.

न दिसणारे दोष

डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईतील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. पण विजेच्या तारांना धरलेला गंज आतच राहतो. तो विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये नेमकी हीच स्थिती मांडली. चांगली व वाईट गाडी ओळखता येत नसेल, तर ग्राहक प्रत्येक गाडीला मधलीच किंमत देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक विक्री टाळतो आणि बाजारात सदोष गाड्याच अधिक उरतात. म्हणजे अज्ञानाचा भुर्दंड ग्राहकाबरोबर प्रामाणिक विक्रेत्यालाही बसतो. या विषयावरील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

यावर उपाय आहेत. आसनाचा पट्टा पूर्ण ओढून चिखलाचे डाग पाहावेत, पायाखालचे आच्छादन उचलून गंज व कुबट वास तपासावा. दुरुस्तीच्या जुन्या पावत्या मागाव्यात आणि आपल्या विश्वासातील मेकॅनिकला सोबत न्यावे. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्रावरील चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळवावेत. तिच्यावर कर्जाचा बोजा नाही, याची खात्री करावी. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. विकणाऱ्यानेही येथे दक्ष राहावे. कारण नोंदणी ज्याच्या नावे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विकूनही नाव तसेच राहिले, तर अपघाताच्या भरपाईचा भार जुन्या मालकावर येऊ शकतो.

सारांश, वाजवी किंमत म्हणजे सर्वांत कमी किंमत नव्हे. गाडीचे गुणदोष दोघांनाही सारखेच ठाऊक असताना, दोघांनी राजीखुशीने मान्य केलेली किंमत ती वाजवी.

विचार करा : शेजाऱ्याने स्वस्तात मिळणारी जुनी गाडी दाखवली, तर किंमत विचारण्यापूर्वी आपण त्याला कोणते तीन प्रश्न विचाराल?