रस्ता कोरडा आहे, की मला दिसत नाही?

आम्ही तत्त्वज्ञानवाले भासाबद्दल पुष्कळ बोलतो. आज तोच प्रश्न आपण रस्त्याकडेच्या खांबावर नेऊ.

फिनलंडसारख्या देशात हिवाळ्यात डांबरावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर बसतो. चालकाला रस्ता नुसता ओला वाटतो. म्हणून खांबावरचा संवेदक रस्त्यावर अवरक्त किरण सोडतो. पाणी १.४५ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण विशेष शोषतं, बर्फ १.५ च्या आसपासचे. परत आलेल्या प्रकाशावरून दोन्ही ओळखता येतात.

पण संवेदकाच्या काचेवरच पाणी साचलं तर? आपल्याला वाटतं, पेटी घट्ट बंद केली की झालं. तसं नाही. २० अंशांवर बंद केलेली पेटी उणे १० अंशांपर्यंत थंडावली, की आतला दाब सुमारे १० टक्क्यांनी घटतो. मग सांध्यांवरचं पाणी आत ओढलं जातं, सहज बाहेर पडत नाही, आणि काच आतून धुरकट होते. म्हणून पेटीला श्वास घेऊ द्यावा लागतो. हवा जाऊ देणारं, थेंब अडवणारं पातळ पटल तिला बसवतात. काच किंचित तापवतात, खारट चिखलापासून वाचवायला पुढे छज्जाही लावतात.

तरी काच मळणारच. म्हणून चांगला संवेदक काचेवरूनच परतणारा प्रकाश वेगळा मोजतो आणि मळ वाढला की तसं कळवतो. 'रस्ता कोरडा आहे' आणि 'मला दिसत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत ना? त्यांची गल्लत झाली, तर मीठ टाकणारी गाडी येत नाही आणि वळणावर माणूस जातो.