बैल बसेल तिथे चूल

दिवाळीची सुट्टी लागली की वाशिमच्या घराघरांतून कोकणात निघायची तयारी सुरू होते. अलिबाग, मुरुड, हरिहरेश्वर, गुहागर, मालवण ही नावं आता आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ झाली आहेत. रेवस ते रेड्डी या सागरी मार्गावर सुरमई कुठे चांगली, सोलकढी कोणाकडची, कोणत्या खाडीकाठी घरगुती खानावळ आहे, हे सांगणारे गावोगावी भेटतात. मला मात्र बरीच वर्षं ओढ लागली आहे ती या वाटेच्या दुसऱ्या टोकाची. समुद्राचं मीठ वऱ्हाडात यायचं कसं? ते आणणारे मुक्काम कुठे करायचे, चूल कुठे पेटवायचे, पाणी कोणाचं प्यायचे? वाशिम जिल्ह्यातून जाताना चांगलं कुठे जेवावं, या साध्या प्रश्नाचं उत्तर मला शेवटी या जुन्या वाटसरूंपाशीच सापडलं.

आजचे रस्ते सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव, वाशिम करत हिंगोली-नांदेडकडे जाणारा एक. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर असा जाणारा जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता दुसरा. आणि या दुसऱ्याच्या आगेमागे धावणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जोडला गेला. वाशिम जिल्ह्यात या महामार्गावरून उतरायला कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव अशी तीन ठिकाणं आहेत. रस्ता देखणा आहे यात शंका नाही. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या अभयारण्यांच्या पट्ट्यातून जाताना पावसाळ्यानंतरची हिरवळ पाहण्यासारखी असते. पण पोटाचा विचार या रस्त्याने फार उशिरा केला. दोन्ही बाजूंना कुंपण, आत ताशी 120 किलोमीटरचा वेग, आणि सुरुवातीच्या काळात पेट्रोलपंप सोडले तर धड बसून जेवायला जवळपास काहीच नाही. माणसं घरून डबे बांधून निघू लागली. रस्ता म्हणजे फक्त पोहोचणं नव्हे, थांबणंही आहे, हे या भागाला चारशे वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा चांगलं कळत होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

चारशे वर्षं म्हणतो ते तावेर्निएच्या आधाराने. हा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी सुरतेहून दख्खनच्या वाटा तुडवत होता. त्याचं प्रवासवर्णन 1676मध्ये पॅरिसला छापलं गेलं. त्यात बैलांच्या तांड्यांवर काही पानं आहेत आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला की वाट मोकळी व्हायला कधी दोन-तीन दिवस लागायचे, असं तो लिहितो. जिथे तांदूळच पिकतो तिथे गहू न्यायचा, जिथे गहूच पिकतो तिथे तांदूळ, आणि जिथे मीठ नाही तिथे मीठ. हे काम करणाऱ्यांचे चार वर्ग तो सांगतो: धान्याचा, तांदळाचा, डाळींचा आणि मिठाचा. पहिल्या तिघांच्या अंगावर गंधासारखा लेप लावून त्यावर आपापल्या मालाचे दाणे चिकटवलेले असत. मीठवाल्यांचं वेगळंच. ते मिठाचा मोठा खडा पिशवीत घालून गळ्यात अडकवत. खडा जितका जड तितका मान मोठा. रोज सकाळी प्रार्थनेआधी त्याच खड्याने पोटावर मारून घेत, प्रायश्चित्त म्हणून.

धान्याचा आणि मिठाचा तांडा अरुंद वाटेत समोरासमोर आला की रक्त सांडायचं. धान्य आणि मीठ ही दोन्ही एकाच ताटात लागणारी, आणि ती वाहणारेच एकमेकांच्या जिवावर उठलेले. अखेर मोगल बादशहाने दोन्ही तांड्यांच्या नायकांना बोलावून समजूत घातली आणि प्रत्येकाला एक लाख रुपये व मोत्यांची माळ दिली, असं तावेर्निए नोंदवतो. सल्तनतीचा स्वयंपाक कोणाच्या पाठीवर चालला आहे हे बादशहाला पक्कं ठाऊक होतं.

हे तांडे म्हणजे बंजारे, गोरमाटी. वाशिम जिल्ह्यात त्यांना परकं म्हणायची सोय नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे या समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, रामनवमीला देशभरातून माणसं येतात, आणि ऑक्टोबर 2024मध्ये नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही तिथे उभं राहिलं. पुढे पाणीसुद्धा विकत घ्यावं लागेल असं महाराजांनी सांगून ठेवलं होतं, ही आठवण तांड्यांमध्ये आजही सांगतात. महामार्गावर बाटली विकत घेताना मला ती दर वेळी आठवते.

तांडा थांबायचा कुठे, हे ठरवण्याची रीत एडवर्ड बाल्फोरने 1844मध्ये मध्य भारतातल्या भटक्या जमातींवर लिहिलेल्या निबंधात आली आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916च्या आपल्या मोठ्या ग्रंथात ती उतरवून घेतली. तांड्याच्या पुढे एक बैल चाले. त्याचं नाव हटाडिया. तो बालाजीला वाहिलेला. त्याच्या पाठीवर कधी ओझं ठेवायचं नाही. लाल रेशमी झुली, घुंगरं, पितळी साखळ्या, कवड्यांच्या माळा असा सगळा थाट. कोणी आजारी पडलं तर त्याला या बैलाच्या पायाशी नेत. आणि हटाडिया दमून जिथे बसेल तिथेच त्या दिवसाचा मुक्काम. नायक कितीही मोठा असो, मोत्यांची माळ घालणारा असो, जागा बैलाने निवडायची. हजारो जनावरांचा काफिला ज्याच्या मागे चालतो त्याने थकवा हेच माप धरावं, यात मला मोठं शहाणपण दिसतं. वाशिम शहरात बालाजीचं मंदिर आहे, 1779 सालचं, भवानी काळू यांनी बांधलेलं. तिथे गेलो की माझ्या डोळ्यांपुढे तो बिनओझ्याचा बैल येतो.

आता ज्या कागदामुळे मी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो. खरं तर तो कागद नाही, तांब्याचा पत्रा आहे. वऱ्हाड पोलिसांत कंबरलेज नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने बंजाऱ्यांवर एक छोटं टिपण लिहिलं आणि ते 1882मध्ये मुंबईत छापलं गेलं. रसेलचा बंजाऱ्यांवरचा लेख मुख्यतः याच माणसावर उभा आहे. पण रसेलचं नाव सगळे घेतात आणि कंबरलेज तळटीपेत राहतो. पोलीस खात्यातला माणूस असल्यामुळे त्याच्या लिखाणात संशयाचा वास आहे, तो मला खटकतो. तरीही तांड्यात बसून, विचारून, ऐकून लिहिलेलं ते टिपण आहे.

त्याने दिलेली हकीकत अशी. 1630च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान दख्खनवर चालून आला. फौजेबरोबर रसद वाहायला भंगी आणि जंगी हे दोन राठोड नायक होते. त्यांचे बैल 1,80,000. भगवानदास हा वडत्या कुळाचा नायकही होता, त्याचे 52,000. बैल घोडदळाच्या बरोबरीने चालले पाहिजेत, नाहीतर फौज उपाशी. नायक म्हणाले, चारा-पाण्याचं काय? तेव्हा आसफखानाने तांब्यावर सोन्याच्या अक्षरांत हुकूम कोरून दिला. त्याचा मतलब असा: पाणी कुठे मिळालं नाही तर माझ्या माणसांच्या रांजणातलं घ्या. गवत मिळालं नाही तर त्यांच्या झोपड्यांवरचं छप्पर उपसा. दिवसाला तीन खून माफ. अट एकच, माझे घोडे जिथे असतील तिथे तुमचे बैल हजर हवेत.

बहुतेक लिहिणारे त्या तीन खुनांवर अडकतात. मी रांजणावर अडकतो. हुकमात पहिलं नाव पाण्याचं आहे, दुसरं चाऱ्याचं. फौज ज्यांच्या पाठीवर जेवते त्या जनावरांची तहान शिपायाच्या तहानेआधी, आणि त्यांची भूक शिपायाच्या डोक्यावरच्या छपराआधी. वाटेवरच्या जेवणाचा इतका उघडा हिशेब मी दुसऱ्या कुठल्या राजपत्रात वाचलेला नाही. अर्थात तिसरी सवलतही त्याच पत्र्यावर आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. एवढा काफिला येताना पाहून काठावरच्या गावाच्या पोटात गोळा येत असणारच. पुढे इंग्रजांनी 1871चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणून सबंध जमातींवर शिक्का मारायची सोय केली, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्यांच्या बैलांसाठी वजिराने शिपायांचे रांजण मोकळे केले, त्यांच्या वंशजांना हे पाहावं लागलं, याचा मला मनापासून संताप येतो.

पत्र्यावरून भांडण झालंच. भगवानदासाला असा हुकूम आसफखानाने दिला नाही. मान एका घराला आणि ओझं दोघांना, हे वडत्यांना सोसलं नाही. राठोड-वडत्या वैरात भंगी नायकही मारला गेला आणि भगवानदासही. आठ थान कापडाचा मानाचा झेंडा वडत्यांनी पळवला. कंबरलेजच्या काळात तो झेंडा हत्ती नायक या भगवानदासाच्या वंशजाकडे होता, आणि त्याची जमीन होती मच्छलीबंदरजवळ, पूर्वेच्या समुद्रकाठी. ताम्रपट मात्र भंगी नायकाच्या वंशजाकडे राहिला, हिंगोलीजवळच्या मुसी गावी. निजामाच्या दरबारात त्यालाच बंजाऱ्यांचा मुख्य नायक मानत आणि वारस बदलला की निजामाकडून खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, येई. भांडणाचं एक टोक असं समुद्राला टेकलं आणि दुसरं वाशिमहून तासाभराच्या वाटेवर राहिलं.

वाटेची श्रीमंती मोजायची तर कारंजा पुरे. ऑक्टोबर 1670मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि त्याच वर्षाअखेरीस मराठी फौज कारंज्यावर आली. उंची कापड, सोनं, चांदी मिळून कोटभर रुपयांचा ऐवज 4,000 बैल-गाढवांवर लादून नेला. गावातला सर्वांत बडा सावकार बाईच्या वेषात निसटला म्हणून वाचला. आलेल्या कस्तुरीचे उंटच्या उंट विकत घेऊन ती चुन्यात कालवून हवेली बांधल्याची दंतकथा कारंजेकर अजून सांगतात. कापूसही बैलांवरच गेला. वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मुंबईला पाठवला तो विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने, 1825-26मध्ये, 500 बैलांवर. मग 1867मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि मीठ वाघिणीतून येऊ लागलं. बैलांचे काफिले मोडले, तांडे डोंगरकाठी स्थिरावले.

तांडे स्थिरावले, तरी मुक्कामांच्या गावांची खाऊ घालण्याची सवय गेली नाही. म्हणून माझं सांगणं आहे की समृद्धीवरून जात असाल तर जेवायला खाली उतरा. शेलूबाजारला अकोला-मंगरुळपीर रस्ता जुन्या हमरस्त्याला छेदतो, आणि चौक आहे म्हणजे ट्रक थांबतात, ट्रक थांबतात म्हणजे चूल विझत नाही. धाब्याच्या पाटीकडे पाहू नका, मागच्या अंगाला पाहा. पऱ्हाटीच्या जाळावर कोणी बाई ज्वारीची भाकरी थापत असेल तर बसा. सोबत वांग्याची भाजी, दाळभाजी, मुंगवडीचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा. पनीरच्या भाज्यांची लांबलचक यादी असेल तर पुढे चला, ते दिल्लीपर्यंत सगळीकडे सारखंच मिळतं.

कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी, गुरुमंदिरात, दुपारच्या प्रसादाची वेळ साधा. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला गेलात तर जैन भोजनशाळेत जेवता येतं, पण सूर्यास्ताच्या आधी. उशीर झाला की तिथे तव्याखालचा जाळ विझलेला असतो आणि तो कोणासाठी पुन्हा पेटत नाही.

तांड्यातलं जेवण वेगळं आणि ते धाब्यावर मिळत नाही. बोकडाचं रक्त आणि आतलं मांस घालून केलेली सळोई, हातावर थापलेली जाड बाटी, सणाला गुळाची लापसी. दिवाळीच्या अमावास्येला तांड्यातल्या लेकी हातात दिवे घेऊन घरोघरी मेरा मागायला जातात आणि दुसऱ्या दिवशी पितरांसाठी अग्नीत घास टाकतात. कोणी गोरमाटी मित्र बोलावेल तर कोकणचा बेत एक दिवस पुढे ढकला. पोहरादेवीच्या संग्रहालयाने त्या परिसरात तांड्यातल्या बायकांच्या हातची एक खरीखुरी खानावळ चालवावी, अशी माझी जाहीर मागणी आहे. बैलाची झूल काचेमागे पाहण्याइतकंच तिच्यासोबत चाललेलं अन्न चाखणं महत्त्वाचं आहे.

एक गोष्ट मात्र बिघडली आहे. शिवारभर सोयाबीन झालं आणि ज्वारी मागे हटली. त्यामुळे भाकरी पोळीपेक्षा महाग पडते आणि काही धाबेवाले ती मागितल्याशिवाय करत नाहीत. मागा. गाडीतून उतरताउतरताच सांगा, म्हणजे पीठ मळायला वेळ मिळेल. रोडगे खायचे असतील तर आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ते सावकाश भाजतात. आणि सोलेभातासाठी दिवाळीत येऊन उपयोग नाही. तूर तेव्हा फुलावर असते, शेंगेत हिरवा दाणा भरतो तो डिसेंबरात.