ग्रिसमच्या अळ्या आणि खरं घड्याळ

लास वेगासमध्ये मृतदेह सापडतो आणि जाहिरातींसकट तासाभरात खुनी हाती लागतो. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ६ ऑक्टोबर २००० रोजी सुरू झालेल्या ‘सीएसआय’ या मालिकेचा हा ठरलेला साचा. ‘सीआयडी’तल्या डॉ. साळुंखेंचे झटपट अहवाल पाहण्यात रमलेल्या आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

मालिकेतलं विज्ञान बरंचसं खरं आहे. गडबड आहे ती घड्याळात आणि पात्रांच्या ठाम सुरात. नायक गिल ग्रिसम हा कीटकशास्त्रज्ञ, तेव्हा माश्यांचंच पाहू. उबदार हवेत, उघड्यावर पडलेल्या प्रेतावर चकचकीत हिरव्या-निळ्या माश्या काही मिनिटांतही येतात आणि डोळे, नाक, तोंड किंवा जखमेच्या कडेला अंडी घालतात. अळी दोनदा कात टाकते, मग कोषात जाते. ती कोणत्या टप्प्यावर आहे, यावरून तिचं वय काढता येतं.

पण अनेक जातींच्या अळ्या दिसायला जवळपास सारख्याच, आणि वाढीचा वेग जातीगणिक वेगळा. म्हणून काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवतात, तर काही कलेजीच्या तुकड्यावर जिवंत वाढवतात. माशी बाहेर पडली की जात पक्की होते. त्याला दोनेक आठवडे सहज लागतात. शिवाय वाढ तापमानावर अवलंबून, त्यामुळे जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदी धुंडाळायच्या. त्यात अळ्यांचा घोळका स्वतःच उष्णता निर्माण करतो, तोही हिशेबात धरायचा. एवढ्या खटाटोपातून हाती येतो तो अंडी घातल्याचा काळ, तोही ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ असा. प्रेत चादरीत गुंडाळलेलं असेल तर माशीच उशिरा पोहोचते. ग्रिसम मात्र चिमट्यात अळी धरून दिवस सांगून मोकळा!

अशा मालिकांमुळे ज्युरी भलत्या अपेक्षा ठेवतात, ही तिथल्या सरकारी वकिलांची जुनी तक्रार. मिशिगनमधले न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी २००६ मध्ये ज्युरीसाठी बोलावलेल्या १,०२७ जणांना विचारलं. प्रत्येक फौजदारी खटल्यात काहीतरी वैज्ञानिक पुरावा हवाच, असं ४६ टक्के म्हणाले. मालिका पाहणाऱ्यांच्या अपेक्षा जास्त होत्या खऱ्या, पण त्यामुळे त्यांचा निकालाकडचा कल फारसा बदलत नव्हता.

माझ्या मते खरी काळजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या तज्ज्ञाची. मूळ मालिका २०१५ मध्ये संपली. त्याच वर्षी एफबीआयने केसांच्या सूक्ष्मदर्शक तुलनेवरच्या आपल्याच तज्ज्ञांच्या जुन्या साक्षींचा हिशेब मांडला. आरोपीविरुद्ध अशी साक्ष झालेले २६८ खटले तपासले गेले होते. २५७ मध्ये तज्ज्ञांची विधानं विज्ञानाला झेपणार नाहीत अशी होती. देहदंड झालेल्यांच्या खटल्यांतही हेच आढळलं, आणि त्यांतल्या नऊ जणांची ती शिक्षा तोवर अमलातही आली होती.

२०२१ मध्ये मालिका नव्या रूपात परतली, तेव्हा कथानक होतं प्रयोगशाळेतल्याच एका तंत्रज्ञावर पुरावे बनावट केल्याच्या आरोपाचं. एफबीआयच्या त्या तज्ज्ञांना मात्र काही बनावट करावंच लागलं नव्हतं.