आधी गाडी, मग विमान
(छोटी विमाने, मोठे आकाश : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण ट्रान्समीटरच्या स्टिक आणि चॅनेल समजून घेतले. आता हात विमान उडवायला शिवशिवत असतील. तरी माझा आग्रह आहे की, आधी काही दिवस रिमोटची गाडी चालवा.

नवशिक्याचा हमखास गोंधळ उडतो तो विमान परत येताना. ते दूर जात असतं तोवर स्टिक उजवीकडे नेली की ते आपल्या उजवीकडे वळतं. तेच वळून आपल्या दिशेनं येऊ लागलं की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. हात सवयीनं चुकीकडे जातो आणि सावरायला हवेत जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. गाडीतही हाच पेच असतो, पण तिथे थांबता येतं. चुकलात तर बंपर खरचटेल, पंख मोडणार नाहीत.

मोकळ्या मैदानात दहा-बारा पावलांवर दोन विटा ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढत राहा. स्वतः मात्र एका जागी उभं राहायचं, गाडीमागे फिरायचं नाही. आठामध्ये डावी-उजवी दोन्ही वळणं येतात आणि गाडी दूरही जाते, समोरूनही येते. ‘आता उलटं’ असं मनात म्हणत वळवाल तर उशीर झालाच समजा. आपण गाडीतच बसलो आहोत असं धरून वळवा. सुरुवातीला गाडी जाते त्या दिशेनं खांदे वळवून मागे तिच्याकडे पाहिलंत तरी हरकत नाही.

खेळण्यातली गाडी घेऊ नका. तिचं स्टिअरिंग एक तर पूर्ण वळतं, नाही तर वळतच नाही. स्टिक जितकी हलवाल तितकीच चाकं वळायला हवीत. पिस्तुलासारख्या रिमोटपेक्षा दोन स्टिकचा रिमोट बरा. त्यात स्टिअरिंग बहुधा उजव्या स्टिकवर असतं आणि मोड टूमध्ये विमानाचे एलेरॉनही तिथेच असतात. लायपो बॅटरी सांभाळायची सवयही इथेच लागते: प्रत्येक सेल चार्ज करताना ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि वापरताना ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही.

गाडी सगळं शिकवत नाही. स्टिक सोडली की गाडीची चाकं सरळ होतात. विमानाचे कललेले पंख मात्र तसेच राहू शकतात. ते सपाट करायला विरुद्ध बाजूची स्टिक द्यावी लागते. समोरून येणाऱ्या विमानासाठी एक नियम पाठच करा: जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्यायची. शिवाय वेग फार कमी केला तर गाडी नुसती रेंगाळते, विमान स्टॉल होऊन कोसळतं. उंची राखणं तर गाडीत नसतंच.

पुढच्या आठवड्यात पहिलं ट्रेनर विमान कसं निवडायचं ते पाहू. तोवर तो आठ दोन्ही दिशांनी न अडखळता जमेल इतका सराव करून ठेवा.