पांदणीतला गारा ट्रॅक्टरनं काढायचा कसा?

कॅनडा-अमेरिकेतले ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गुडघाभर बर्फ, ट्रॅक्टरला लोखंडी पातं लावलेलं, माणूस दोन चकरा मारतो आणि खालचा रस्ता मोकळा. आपल्या वाशिम जिल्ह्यात बर्फ नाही, पण पावसाळाभर पांदणीत गारा असतोच. मग दरवर्षी कोणीतरी म्हणतं, "लेव्हलर लाव अन् ओढून काढ, अर्ध्या तासाचं काम." आज त्याच्यावरच बोलू.

बर्फ रस्त्याच्या वर पडलेला असतो. तो ढकलला की खालचा कडक रस्ता जसाच्या तसा मिळतो. आपल्याकडे मात्र गारा हाच रस्ता असतो! तो खरवडून काढला की रस्ता तेवढा खाली जातो. दोन-तीन पावसाळे असंच केलं की पांदण दोन्ही बाजूंच्या वावरापेक्षा खोल होते, आणि मग सगळ्या वावरांचं पाणी तिच्यातच उतरतं. बऱ्याच गावांत पांदणीचा नाला झालाय तो असाच.

दोष मातीचाही आहे. रिसोड असो की मंगरूळपीर, आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती जास्त असते. तिच्या कणांच्या बारीक थरांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते आणि तिची वजन पेलायची ताकद जाते. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशी-सोयाबीनला ही माती सोनं आहे, रस्त्याला मात्र वैरी.

म्हणून पहिलं काम गारा काढणं नाही, पाणी काढणं. भर पावसात पातं लावूच नका, चाकं फिरून फिरून खड्डा आणखी खोल करतात. उघडीप मिळू द्या, वाफसा यायला लागला की उतरा. लेव्हलर किंवा मागचं पातं थोडं तिरपं ठेवा आणि कडेची माती मधे ओढा, मधली कडेला नाही. दहा फूट रुंद पांदणीचा मध्य कडांपेक्षा तीन-चार इंच उंच राहिला तरी पाणी बाजूला पळतं. दोन्ही कडांना नाली हवी, आणि ती पुढं कुठंतरी ओढ्यात निघालेली हवी. नाहीतर नुसतं लांबलचक डबकं तयार होतं.

मुरूम टाकायचा तर तोही उन्हाळ्यातच. ओल्या गाऱ्यात टाकलेला मुरूम दोन ट्रॉल्या गेल्या की खाली गडप होतो, पैसे मातीत. आधी मऊ थर काढा, खाली दगड दाबा, मग वर मुरूम. आणि केज व्हील लावलेला ट्रॅक्टर त्या रस्त्यावरून नेऊ नका, प्लीज. सगळी मेहनत एका फेरीत उखडते.

काढलेला गारा शेजाऱ्याच्या धुऱ्यावर लोटला की भांडण ठरलेलं, त्यामुळं आधी बोलून घ्या. कोणी रस्ताच अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे. पक्क्या कामासाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, ती रोजगार हमीशी जोडलेली होती. ग्रामपंचायतीत विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे हेडफोन काढून घरच्यांनाही ऐकवा. सोयाबीन निघालंय, ट्रॉली भरलीय, आभाळ आलंय आणि ट्रॅक्टर फसला. घाईत लोक काय करतात? मागच्या चाकांना लाकूड बांधतात किंवा पुढं दगड अडकवतात आणि फुल रेस देतात. चाक अडकलेलं आहे, फिरू शकत नाही. मग इंजिनचा जोर जातो कुठं? तो ट्रॅक्टरचं धडच धुरीभोवती उचलतो. पुढची चाकं वर येतात आणि ट्रॅक्टर मागं उलटतो, ड्रायव्हरवर. हे एक-दीड सेकंदात होतं. क्लच दाबू, उडी मारू, असा विचार करायलाही वेळ मिळत नाही.

टोचन करतानाही हाच धोका. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या हुकालाच लावा. टॉप लिंकला किंवा धुरीच्या वर कुठंही बांधली की पुढचा भाग उचललाच समजा. झटके देऊ नका, साखळी तुटली तर ती गोळीसारखी येते; पोरांना व्हिडिओ काढायला जवळ उभं करू नका. फसलेल्याची ट्रॉली आधी सोडा, चाकापुढचा गारा फावड्यानं काढा, डिफरन्शियल लॉक लावा आणि हळू निघा. जमलं तर रिव्हर्समध्ये निघा, त्यात पुढचं टोक उचलायचा धोका कमी असतो.

स्वीडननं १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला ड्रायव्हरच्या डोक्यावर मजबूत सांगाडा सक्तीचा केला आणि तिथले उलटून होणारे मृत्यू खूप घटले. तुमच्या ट्रॅक्टरला तसा सांगाडा असेल तर सीटबेल्टही लावा, बेल्टशिवाय माणूस बाहेर फेकला जातो. आणि मडगार्डवर कोणाला बसवू नका, भाऊ असला तरी.

तुमच्याकडं पांदण कशी सुधारली, व्हॉइस मेसेज करून सांगा.